अक्का, आई आणि रात्री नऊची गोळी

एचआयव्हीच्या गोळ्यांच्या तीन महिन्यांच्या तीन डब्या दिलेल्या, एका डबीत तीस गोळ्या. अक्कानं पिशवीतनं काढून टेबलावर ठेवल्या तेव्हा पहिली रिकामी, दुसरीत अकरा शिल्लक, आणि तिसरीचं सील पण फोडलेलं नव्हतं. म्हणजे नव्वदातल्या एक्केचाळीस गोळ्या तिनं घेतल्याच नव्हत्या. २०२१ चा जून महिना, दुसरी लाट नुकतीच ओसरत होती, मी डबल मास्क लावून बसलेली आणि समोर ही बाई, जिनं अकरा वर्षांत माझ्या माहितीत एकदा पण गोळी चुकवली नव्हती.

मी सीमाभागात, कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडी पट्ट्यात सरकारी दवाखान्यात काउन्सेलर आहे, एचआयव्ही आणि टीबी दोन्ही बघते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं पेशंटच्या संमतीशिवाय कुणाचं स्टेटस कुठं सांगता येत नाही, म्हणून आधीच सांगते की अक्कानंच "लिही की, नाव तेवढं घालू नको" असं सांगितल्यावर हे लिहितेय आणि गाव वगैरे बदललंय. या कामात नवीन आलेल्या पोरींनी वाचावं म्हणून लिहितेय, कारण यात चूक माझी आहे आणि ती चूक कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.

आधी थोडं मागचं.

अक्काची आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला. ज्यांनी वखार बघितलीय त्यांना माहितीय, दिवसभर नाकातोंडाला पदर बांधून चाळायचं, संध्याकाळी घरी आलं की जेवणाला पण तंबाखूचा वास. बाप नव्हता, म्हणजे होता पण नसल्यासारखा. अक्का शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचायची, दिसायला उजळ, आवाज बरा, आणि नात्यातली एक बाई मुंबईला "कंपनीत" होती ती सुट्टीला आली की हातात मोबाईल, अंगावर भारी ड्रेस. २००१ मध्ये अक्का तिच्यासोबत गेली. कंपनी म्हणजे ठाण्याकडचा लेडीज बार.

त्या चार वर्षांबद्दल ती बोलायला लागली की अजून डोळे चमकतात, आणि मी ते मुद्दाम लिहितेय, कारण असल्या प्रकरणात आपण लगेच "बिचारी" करून टाकतो. ती बिचारी नव्हती. मेकअप रूममध्ये दहा-बारा जणी, घागऱ्याचे हुक एकमेकींना लावून द्यायच्या, मग फ्लोअरवर आरशाच्या भिंती, गिऱ्हाईक नोटांचा हार घालायचं, कलेक्शनमधला मालकाचा हिस्सा जाऊन पण वखारीत आईला महिन्यात मिळायचं ते एका चांगल्या रात्रीत यायचं. पहाटे टॅक्सीनं घरी. "मला बगायला लोक कोल्लापूरनं यायचे ग," असं सांगते, खरं खोटं देवाला माहीत. गावाकडं पैसे येत होते, घरावर स्लॅब पडला, देवळाच्या जीर्णोद्धाराला तिच्या आईकडनं वर्गणी घेताना कुणी विचारलं नाही की पोरगी कुठल्या कंपनीत आहे.

ऑगस्ट २००५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं डान्सबार बंद केले. मोठ्या स्टार हॉटेलांना सूट होती, हिच्यासारख्यांच्या बारला नाही. तेव्हा पेपरात पाऊण लाख बायकांचा रोजगार गेला असा आकडा यायचा. पुढं हायकोर्टानं २००६ मध्ये बंदी रद्द केली, सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये तेच कायम केलं, पण एकवीस वर्षाच्या पोरीला आठ वर्षं कोण थांबायला सांगणार. काही जणी ऑर्केस्ट्राच्या लायसनवर "सिंगर" म्हणून उभ्या राहिल्या, काही दुबईला गेल्या, अक्का गावी आली.

गावात पैसे बंद झाले तसा मान पण बंद झाला. मग संकेश्वर, हुक्केरी, गडहिंग्लज अशा जत्रांतनं ऑर्केस्ट्रात नाचणं, टेम्पोतनं रात्रीचा प्रवास, स्टेजसमोर पोरांच्या शिट्ट्या. एका ट्रक ड्रायव्हरशी लग्न केलं. २००९ मध्ये तो गेला, कशानं ते सासरच्यांनी सांगितलं नाही, दिवस झाल्यावर हिला माहेरी आणून सोडली.

माझ्याकडं ती २०१० च्या पावसाळ्यात आली. वजन ३३ किलो, तीन महिन्यांचा खोकला, थुंकीत टीबी. एचआयव्ही टेस्ट पॉझिटिव्ह, सीडी-४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, फक्त अठ्ठावन्न. लोक मला लगेच विचारतात, बारमधनं आला का नवऱ्याकडनं? मी हा प्रश्न पेशंटला विचारत नाही. उत्तर कळून गोळी बदलत नाही.

एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, आपल्या देशात एप्रिल २००४ पासून फुकट आहेत, आणि सुरुवातीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र पण होतं, कर्नाटक पण. अक्कानं कोल्हापूरची बाजू निवडली. निपाणीवरनं बेळगाव लांब, कोल्हापूर जवळ, हे एक. बेळगावला कन्नडमधनं बोलतील याची भीती, हे दुसरं. आणि खरं कारण तिसरं, तिकडं ओळखीचं कुणी भेटणार नाही. सीमेचा वाद सगळ्यांना माहितीय, पण सीमेचा असा पण उपयोग करणारे शेकड्यानं आहेत, दोन्ही बाजूंचे. तोंड लपवायला दुसरं राज्य चाळीस किलोमीटरवर.

टीबीच्या गोळ्या मात्र आमच्याकडं, तेव्हाच्या डॉट्स पद्धतीनं आठवड्यातनं तीनदा समोर बसवून गिळवायच्या. तीन आठवड्यांनी कोल्हापूरला एआरटी सुरू झाली. टीबीवर रिफाम्पिसिन हे औषध चालू असेल तर एचआयव्हीचं नेव्हिरॅपिन जमत नाही, म्हणून त्याच्या जागी तिला इफाविरेंझ दिलं. ही गोळी रात्री झोपताना घ्यायची, कारण डोकं गरगरतं आणि स्वप्नं पडतात. साधी स्वप्नं नाही, रंगीत, लख्ख, सकाळी उठल्यावर पण खरं वाटावं अशी. सुरुवातीच्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांना, आणि काही जणांना वर्षानुवर्षं. हे आम्हाला सगळ्यांना माहीत असतं. पेशंटला पण सांगायचं असतं. तिला तिकडं कुणी सांगितलं की नाही मला माहीत नाही, मी मात्र सांगितलं नाही.

आता त्याच काळात दुसरी गोष्ट घडत होती. तीन-चार महिने अंथरुणाला खिळलेली बाई, तेल नाही, फणी नाही, केसांचा गुंता झाला आणि त्याची जट झाली. आपल्याकडं जट दिसली की वैद्यकीय कारण कुणी शोधत नाही, सरळ "यल्लम्मानं धरलं". अक्काच्या आईच्या घरात आजीच्या वेळेपासून देवीची परडी, म्हणजे पूजेची टोपली, होती. गल्लीतली एक म्हातारी जोगतीण, म्हणजे यल्लम्माला वाहिलेली बाई, येऊन सांगून गेली की आईचं, म्हणजे देवीचं, बोलावणं आहे, डोंगराला ने आणि दर्शन बांध. डोंगर म्हणजे सौंदत्ती. दर्शन बांधणं म्हणजे गळ्यात लाल-पांढरे मणी, म्हणजे देवाला सोडणं. १९८२ च्या कायद्यानं कर्नाटकात ते गुन्हा आहे, हे मी तिच्या आईला सांगितलं. तिनं मला चहा दिला आणि म्हणाली, "ताई, कायदा हिला सांभाळणार हाय व्हय? नवरा मेला, रोग लागला, नाचून आली. आता आईच्या पायाशी तरी कोण बोट दावणार न्हाई." माझ्याकडं यावर काही नव्हतं. मी जटेचं वजन, उवा, मानदुखी असलं काहीतरी बोलले. स्वतःलाच पुस्तकी वाटलं.

आणि मग एका सोमवारी अक्का टीबीची गोळी घ्यायला आली ती डोकं बोडकं करूनच. जवळजवळ, म्हणजे बोटभर केस. मी उडालेच.

तिनं जे सांगितलं ते तिच्याच शब्दात: "रातच्याला आई आली. जोगुळभावीच्या पायरीवर बसलेली, अंगभर हळद. एक म्हातारं तिचं केस इंचरत हुतं. आई मला म्हणली, बाई ग, मला बी केस इंचरून घ्यावं लागलं, तू का बसलीस तशी? उठ, कातर आण." सकाळी उठून तिनं शेजारच्या पोराकडनं कातर आणली आणि स्वतः जट कापली. तिची आई रडली, म्हातारी जोगतीण शिव्या देऊन गेली, पण स्वप्नात खुद्द देवीनं सांगितल्यावर वाद कोण घालणार. दर्शन बांधायचा विषय तिथंच संपला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सौंदत्तीला जोगुळभावी नावाचं कुंड आहे. कथा अशी की जमदग्नीच्या शापानं रेणुकेच्या, म्हणजेच यल्लम्माच्या, अंगावर रोग उठला, तिला आश्रमातनं हाकललं, ती रानात भटकत असताना एकय्या आणि जोगय्या हे दोन साधू भेटले आणि त्यांच्या उपचारानं ती बरी झाली. आज पण लोक आधी तिथं अंघोळ करून मग वर देवीला जातात. मी ही कथा लहानपणापासून ऐकलेली, पण अक्कानं ती माझ्यासमोर ज्या पद्धतीनं मांडली तशी कधी डोक्यात आलीच नव्हती. "आई बी आधी पेशंटच की. घरातनं हाकललेली, अंगभर रोग. तिनं उपचार घेतला, मग ती देवी झाली." मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला देवीच्या बांगड्या फोडतात आणि पुढं परत चुडा भरतात, हे पण ती स्वतःशी जोडून बोलायची. नवरा मेलेली, बोडक्या डोक्याची, २६ वर्षांची पोरगी.

तिथनं पुढं अकरा वर्षं. टीबी सहा महिन्यांत संपला. वजन ४८ वर गेलं. मोबाईलला रात्री नऊचा अलार्म, गोळी, दिवा विझवायचा आणि झोप. स्वप्नात आई, म्हणजे देवी, रोज यायची नाही पण महिन्यातनं तीन-चार वेळा नक्की. मग मधे कधीतरी सगळी औषधं एकाच गोळीत आली, तरी इफाविरेंझ आत होतंच, त्यामुळं आई पण होतीच.

आणि तिचं काम सुरू झालं. एका केअर अँड सपोर्ट सेंटरला फील्डवर्कर म्हणून थोडं मानधन मिळतं, पण खरं काम त्याच्या बाहेरचं. "अक्काच्या हाताला गुण आहे" असं पसरत गेलं. लोक येतात, कुणी पोरीला घेऊन, कुणी दारूड्या नवऱ्याला, जटा आलेल्या बायका तर लांबनं. ती चौंडकं, म्हणजे जोगतिणींचं तंतुवाद्य, घेऊन बसते, दोन गाणी म्हणते, कपाळाला भंडारा लावते. मग विचारते, खोकला किती दिवस? पंधरा दिवसांच्या वर म्हटलं की दुसऱ्या दिवशी स्वतः बसमध्ये घालून थुंकीच्या तपासणीला आणते. वजन उतरलंय? ताप? नवरा कशानं गेला? आमच्या स्क्रीनिंगच्या फॉर्मवरचेच प्रश्न, फक्त पुढ्यात परडी. पैसे घेत नाही, नारळ घेते, नारळाची चटणी झकास करते.

मला हे सगळं आवडतं का? खरं सांगायचं तर अर्धंच. भंडारा लावून मग टीबीची गोळी दिली की बरं झाल्याचं श्रेय भंडाऱ्याला जातं, आणि उद्या अक्का नसेल तेव्हा तीच माणसं भंडारा तेवढा मागायला दुसऱ्या कुणाकडं जातील जो दवाखान्यात पाठवणार नाही. हे मी तिला बोलले पण आहे. ती म्हणाली, "तू एसीत बसून बोलाव, मी परडी घिऊन बोलवते, येतंय कुणाकडं ते बघू." आमच्याकडं एसी नाही, पंखा पण रडतो, पण मुद्दा तिचा बरोबर होता.

आता परत त्या एक्केचाळीस गोळ्यांकडं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये कोगनोळीच्या नाक्यावर सीमा बंद. कोल्हापूर चाळीस किलोमीटर, पण परदेश झालं. तेव्हा जिथं जवळ असेल तिथनं गोळ्या द्या आणि दोन-तीन महिन्यांच्या एकदम द्या असे आदेश आले होते, त्यामुळं अडलं काही नाही, पण या धांदलीत तिनं कार्डच आमच्या बाजूला बदलून घेतलं. आणि २०२१ च्या सुरुवातीला नवीन औषधावर सगळ्यांना शिफ्ट करणं चालू होतं, इफाविरेंझच्या जागी डोल्युटेग्राविर. चांगलं औषध, व्हायरस लवकर दबतो, रेझिस्टन्स, म्हणजे औषधाला व्हायरस न जुमानणं, सहज येत नाही, कधी पण घेता येतं, सकाळी घेतलेलं बरं. मी स्वतः तिला हसत सांगितलं, अक्का आता चक्कर नाही, स्वप्नं नाहीत, साइड इफेक्ट कमी.

"स्वप्नं नाहीत" हे मी म्हटलं होतं. आज पण आठवलं की पोटात गोळा येतो.

तीन आठवड्यांत आई यायची बंद झाली. वर दुसरी लाट, देवळं बंद, डोंगराला जायची सोय नाही. चौंडकं खुंटीवर. तिला वाटलं आई रुसली, काहीतरी विटाळ झाला, आपल्याकडनं काहीतरी चुकलं. नवीन गोळी घेतली की आई येत नाही एवढं तिच्या लक्षात आलं होतं, म्हणून एक दिवसाआड सोडून बघितली, मग आठवडाभर. तरी आली नाही. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या व्हायरसची तपासणी, केला तर ४८०० आला. हजारच्या वर म्हणजे आमच्यासाठी लाल दिवा.

मग मी सांगितलं. अकरा वर्षांनी. ती जुनी गोळीच अशी होती अक्का, तिनं बऱ्याच जणांना स्वप्नं पडतात, एका ड्रायव्हरला रोज विंचू दिसायचे, एका पोराला परीक्षेचा पेपर दिसायचा.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हंजे तुला ठाव हुतं."

देवीवर नाही, माझ्यावर चिडली होती ती. आणि बरोबरच होतं. मी गप्प का बसले होते? ती गोळी चुकवत नव्हती म्हणून. तिची श्रद्धा मला सोयीची होती, रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढं शंभर टक्के लिहिता येत होतं. जटा कापल्या गेल्या त्या पण त्याच स्वप्नानं, मग ते मोडायला कोण जाईल. पण गोळी बदलताना तरी सांगायला हवं होतं, तेव्हा पण मी माझ्या सोयीचं वाक्य बोलले. नवीन पोरींनो, पेशंट एखादा साइड इफेक्ट आशीर्वाद म्हणून घेत असेल तर तो बंद होणार हे आधी सांगा, आणि कसं सांगायचं ते ठरवायला एक दिवस जास्त घ्या.

दारापर्यंत जाऊन ती मागं वळली. "इंचू बी गोळीनंच, आई बी गोळीनंच. मग त्याला इंचूच का दिसला, आन मला आईच का?"

मला उत्तर आलं नाही. अजून पण येत नाही.

त्यानंतर तीन आठवडे तिनं माझा फोन उचलला नाही. दर महिन्याच्या समुपदेशनाला ती आली नाही, नियमाप्रमाणं मी घरी जायला हवं होतं, गेले, दार उघडलं नाही. तिला परत कुणी आणलं तर तिच्याच एका पेशंटनं. एकोणीस वर्षांची पोरगी, जन्मापासून पॉझिटिव्ह, आईबाप दोघं गेलेले, मामाकडं राहणारी, गोळ्यांचा कंटाळा आलेली. अक्कानं तिच्याशी रोज सकाळी व्हिडीओ कॉलवर एकत्र गोळी घ्यायचं ठरवलं होतं. पोरीनं एक दिवस विचारलं, "मावशी, तुझी कुठं हाय? डबी दाव." अक्काकडं दाखवायला डबी होती, पण पाण्याचा तांब्या भरलेला नव्हता. पोरीच्या लक्षात आलं. ती म्हणाली, मग मी पण नाही घेत.

अक्कानं मला नंतर सांगितलं ते एवढंच, "पोरीपुढं खोटं बोलवंना ग." त्या सकाळपासून तिनं परत सुरू केली. तीन महिन्यांनी लोड तपासला तर सापडलाच नाही. औषध बदलावं लागलं नाही, तेवढं ते औषध पक्कं आहे.

माझ्याशी मात्र दिवाळीपर्यंत "मॅडम, मॅडम" करून बोलत होती. आधी मी "तू" होते.

२०२२ च्या डिसेंबरात रांडाव पुनवेच्या तोंडावरच सीमेवर परत भडका उडाला, गाड्यांवर दगडफेक, दोन्हीकडच्या बस बंद. अक्का बारा-तेरा बायकांना घेऊन डोंगराला निघणार होती, त्यातल्या पाच आमच्या गोळ्यांवरच्या. मला फोन करून विचारलं, मधेच अडकलो तर? मी म्हटलं पंधरा दिवसांच्या जादा ठेवा. ती म्हणाली, "ते कवाच भरल्यात, मी इचारत हुते तू येतीस का." मला रजा नव्हती. वडापच्या जीपमधनं गेल्या त्या, चिकोडी-गोकाक करत, आणि येताना माझ्यासाठी भंडाऱ्याची पुडी आणली. ती माझ्या ड्रॉवरमध्ये स्टेपलरशेजारी आहे.

आई परत आली का, हे मी विचारायचं धाडस केलं नव्हतं. मागच्या महिन्यात तिच्या घरी संध्याकाळी बसले होते, त्या पोरीचं नर्सिंगचं ॲडमिशन झालं म्हणून शेवयाची खीर केली होती. गप्पा मारता मारता तिचा मोबाईल वाजला. रात्रीचे नऊ. गोळी तर ती आता सकाळी घेते.

"अक्का, हा अलार्म काढून टाकायचा राहिला का?"

"राहिला न्हाई, ठिवलाय," म्हणाली, आणि उठून परडीपुढच्या दिव्यात तेल घालून आली. मग मला म्हणाली खीर गार व्हायला लागलीय, खा.